शर्टाला आलेला वास

माझ्या बाबांनी दारू एका दिवसात सोडली. छप्पन साली धम्मदीक्षा घेऊन घरी आले, मोहाच्या दारूचं मडकं अंगणात आपटलं आणि मायला म्हणाले, "संपलं." गिरणीतल्या सोबत्यांनी वर्षभर टिंगल केली. "आठ दिवसांत येतेच पाहा हा भट्टीवर!" म्हणायचे. बाबा गेले नाहीत. त्या शपथेचा त्यांना भारी अभिमान होता, आणि मला त्यांचा.

साठनंतर मी सीताबर्डीतल्या एका हॉटेलात वेटर म्हणून लागलो. हॉटेल म्हणजे तर्री-पोहे, आलुबोंडा आणि चहा. दारूबंदी होती, पण कागदावर. पिणारे तोंडावर दुपट्टा ओढून नाल्यापलीकडच्या हातभट्टीवर जायचे आणि मग आमच्याकडे कांदा चावत बसायचे, घरी वास येऊ नये म्हणून! निदान लाज तरी होती लेकांना. बाबा दर रविवारी यायचे. धुतलेला पांढरा सदरा घालून दाराजवळच्या टेबलावर बसायचे. "दोन कप आण गा, एकात काय होते? आता हेच माझं व्यसन," म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.

मग परवाने सैल झाले. मालकानं बिस्किटांच्या बरण्या उतरवल्या, खिडक्यांना हिरवे पडदे लावले, भर दुपारी अंधार केला आणि बाहेर पाटी ठोकली: परमिट रूम. ज्यांना दुपट्टा लागायचा, तेच आता दारात स्कूटर लावून ऐटीत आत येऊ लागले. बढती झाली, पार्टी. पोरगा पास झाला, पार्टी. मी तिथंच राहिलो. नोकरी सोडली का नाही, म्हणाल. चाळिशीला टेकलेल्या माणसाला ट्रे उचलण्याशिवाय येत काय होतं, कप्पाळ?

बाबांना सांगायची हिंमत झाली नाही. थाप मारली, की मालकानं हॉटेल विकून स्टेशनपलीकडे चहाचं दुकान टाकलं. त्यांचे गुडघे धरले होते, तेवढं चालणं त्यांना झेपणार नाही, हे ओळखूनच मारली. त्यांचा रविवारचा चहा मी तोडला. रोज निघताना मागच्या नळावर हातपाय धुवायचो, घरचे कपडे चढवायचो आणि मगच घरी जायचो. सहा-सात वर्षं हे निभलं. दारूचा थेंब मी कधी जिभेला लावला नाही.

त्या दुपारी एका टेबलावर कुणाच्या तरी बदलीचा जल्लोष चालला होता. एकानं दोस्ताच्या गळ्यात पडायच्या नादात रमचा भरला ग्लास माझ्या शर्टावर उलटवला. मी पुसतच होतो, तेवढ्यात आमचा शेजारी सायकल हाणत आला. माझी खरी नोकरी त्याला एकट्याला ठाऊक होती. "चाल लवकर! तुझ्या बाबाच्या छातीत दुखून राहिलं, दवाखान्यात नेलं." नळ आठवला नाही, कपडे आठवले नाहीत. तसाच त्याच्या मागे डबलसीट बसलो.

बाबा खाटेवर होते, शुद्धीत. मला पाहून त्यांनी हात पुढे केला. मी वाकलो, आणि तो हात मधेच थांबला.

"तू घेऊन राहिला?"

"नाही बाबा. मी बारमध्ये काम करतो. अंगावर ग्लास सांडला."

"तू तर चहाच्या दुकानात होता नं?"

"ते खोटं होतं."

"मंग हे काहून खरं मानू?"

मी पाय धरले. पोरांची शपथ घेतली. शेजारी म्हणाला, "खरं सांगून राहिला तो, काका." बाबा म्हणाले, "तुलेही पाजली असन त्यानं." मग मायकडे वळले. "पोराले सोडव वं यातून." माझ्याकडे पुन्हा पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गेले.

महिनाभरात मी ती नोकरी सोडली आणि कापडाच्या दुकानात गठ्ठे उचलायला लागलो. येत होतं की मला दुसरं काम! आधी का नाही सुचलं, या विचारानं आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मायचा माझ्यावर विश्वास होता. "मले मालूम आहे, तू पीत नाही," म्हणायची. पण नवऱ्यानं शेवटचं सांगितलेलं काम तिला टाकवेना. ती होती तोवर मी कामावरून आलो, की दारात उभी राहायची आणि हळूच म्हणायची, "तोंड उघड, बापू." आणि मी, दोन पोरांचा बाप, रोज उघडायचो.