फडताळाला कुलूप

हॉस्पिटलातून फोन आला तेव्हा मी म्हैसुरात सरस्वतीपुरमच्या घरी अक्काचा स्वेटर शोधत होतो. आयसीयूत थंडी वाजते म्हणाली होती. स्वेटर हाती लागला आणि फोन वाजला... अक्का गेल्याला आता दीड महिना झाला. सुमित्राक्का माझी थोरली बहीण. भावोजी गेल्यापासून अकरा वर्षं माझ्याकडे होती. मी गणिताचा रिटायर्ड मास्तर, बायको आधीच गेलेली. घरात आम्ही दोघंच आणि हुकूम माझा.

अक्का गोडघाशी होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. म्हैसूरला संक्रांतीत तिळाबरोबर साखरेचे अच्चू वाटतात, लाकडी साच्यात पाक ओतून केलेले मोर, हत्ती, तुळशीवृंदावनं. साच्यातून काढताना मोराची मान मोडली की तो वाटता येत नाही, आणि मोडके सगळे मोर लहानपणापासून अक्काच्या पोटात. सणाचं गोड म्हणजे प्रसाद, तो साखरेत धरायचाच नाही, असं तिचं शास्त्र. साठीत मधुमेह निघाला. इतक्या वर्षांच्या गोडानं आणि वजनानं शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालंय, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हा मात्र ती घाबरली आणि तिनं गोड सोडलं. मी विश्वास ठेवला नाही.

कारण आकडा उतरेना. गोळ्या वाढल्या, सुई आली, तरी आकडा चढाच. तोंड वाटोळं झालं, पोट सुटलं, हातपाय मात्र काटक्या. जमिनीवरून उठायला माझा हात लागायचा. मी फडताळाला कुलूप घातलं. शेजारणींना ताकीद दिली. तिचं एकटीनं देवळात जाणंही बंद केलं, प्रसादाचा काय भरवसा! बिचारी दिवसभर खिडकीत बसून येणाऱ्याजाणाऱ्या स्कूटर बघायची. "वसू, मी कोणाचं काय चोरलंय रे?" एकदा म्हणाली. मी वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं नाही.

गेल्या संक्रांतीला आमच्याकडे हळदीकुंकवाला आठ-दहा बायका बसल्या होत्या; विधवा म्हणून अक्काला आमच्या गल्लीत कोणी वगळत नसे. ताटातला एक अच्चू मला कमी दिसला; मोजण्यात माझीच चूक असेल, अजून ठाऊक नाही. मी आतून साखर तपासायचं मशीन आणलं आणि सगळ्यांसमोर अक्काचं बोट धरलं.

"देव्राणे, देवाची शपथ, मी हातसुद्धा लावला नाही. सुम्ने, उगाच का येतोस माझ्यावर?"

टोचलं. तीनशे बारा. "बघा," मी म्हणालो, फळ्यावर उत्तर काढून दाखवल्यासारखं. अक्कानं बोट पदरात गुंडाळलं. त्यानंतर ती कोणाच्या हळदीकुंकवाला गेली नाही.

चार महिन्यांनी नव्या डॉक्टरीणबाई भेटल्या, पुण्याकडच्या. त्यांनी पोटावरचे जांभळे पट्टे पाहिले, दंडावरचे काळेनिळे डाग पाहिले, आणि तपासण्या करायला लावल्या. मूत्रपिंडावर टोपीसारखी एक छोटी ग्रंथी बसलेली असते, अ‍ॅड्रिनल. अक्काच्या त्या ग्रंथीत गाठ होती. "ही गाठ कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक बेसुमार सोडतेय," बाई म्हणाल्या. "त्यामुळे यकृत साखर सोडत राहतं आणि इन्सुलिनचं काही चालत नाही. ह्या उपाशी राहिल्या तरी साखर चढणारच."

"म्हणजे खाण्यानं नाही?"

"पूर्वीच्या खाण्यानं इन्सुलिन वर्षानुवर्षं वाढलेलं असणार. त्यानं ग्रंथीलाही चिथावणी मिळाली असेल, नक्की सांगता येत नाही. पण आत्ताची ही साखर ह्यांनी खाल्लेली नाही."

ऑपरेशन ठरलं. कॉर्टिसॉलनं प्रतिकारशक्ती पोखरलेली, त्यामुळे त्याआधीच छातीत संसर्ग झाला. आयसीयूत मी तिचा हात धरला. "अक्का, चुकलं माझं. माफ कर."

तिनं मास्क बाजूला केला. "इथं कोणी नाही, म्हणून सोपं जातंय तुला. तिथं सगळ्यांसमोर बोललास ना? तसंच सांग." तिला धाप लागली. "साकु, पुरे आता. थंडी वाजतेय."

तेव्हापासून मी त्या बायकांच्या दारांवरून मान खाली घालून जातो. कोणी भेटली की तोंड उघडतो आणि पावसाचं बोलतो. इथं लिहितोय, पण हेही सोपंच. त्यांच्यातल्या कोणालाही मराठी वाचता येत नाही. उद्या समोरच्या घरी हळदीकुंकू आहे. बोलावणं नसताना जाणार आहे. आमच्या अक्कानं साखर खाल्ली नव्हती, एवढंच कानडीत सांगायचंय: नम्म अक्का सक्करे तिंदिरलिल्ला. चार शब्द. सकाळपासून घोकतोय... पहिल्या दोनांच्या पुढे अजून आवाज निघालेला नाही.