कलमांच्या राखणीचा भोंगा

कंपनीने घरून काम करायची मुभा दिली, तशी मी लॅपटॉप घेऊन पुण्याहून नांदगावजवळच्या आमच्या घरी आले. घरामागेच आमची आंब्याची कलमं. कंपनीच्या सर्व्हरांवर लक्ष ठेवणं हे माझं काम. खरं लक्ष सॉफ्टवेअरच ठेवतं. किती भार आला की बोंब मारायची, तो आकडा आपण ठरवून द्यायचा. सर्व्हर नवे, मला अंदाज नाही, म्हणून मी भीतीपोटी साठ टक्के ठेवले. मागीलदारी असले तरी ऐकू यावं म्हणून खिडकीत स्पीकरही लावला.

कुणी चार रिपोर्ट काढले तरी साठ ओलांडायचे. भोंगा दिवसभर केकाटू लागला. आई वैतागली. बाबा मात्र जेवताना खुशीत म्हणाले, "गो, तुझ्या भोंग्यान वांदर पळाले. कलमांर एकव येवक नाय."

तिकडे सरांनी मला मीटिंगमध्ये धरलं. "तुझे अलर्ट आता कुणी उघडूनही बघत नाही. खरंच काही बिघडलं तर कळणार कसं?"

बरोबर होतं त्यांचं. मी मागचे आलेख पाहिले आणि मर्यादा नव्वदवर नेली. त्यावरही भार बराच वेळ टिकला तरच भोंगा वाजायचा. घर शांत झालं. दुसऱ्याच सकाळी वांदरांनी कोवळ्या कैऱ्यांचा सडा पाडला.

बाबा दारात येऊन उभे. "तुझो कंपीटर आज गप कित्याक?"

"बरो आसा तो, बाबा."

"माका तो बरो नको. जरा आजारी पाड गो!"

मग मी माझा जुना लॅपटॉप काढला, त्यात तेच सॉफ्टवेअर घातलं आणि मर्यादा ठेवली पाच टक्के. नुसता चालू केला तरी बोंबलायचा. स्पीकरसकट तो कलमांतल्या मांगरात, राखणीच्या खोपटात, नेऊन ठेवला. बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला ऐटीत सांगत, "माझ्या मांगरात सर्व्हर आसा."

आठवडाभरात वांदरही आमच्या ऑफिसातल्या लोकांसारखे सरावले. एक हुप्प्या तर मांगराच्या छपरावर बसून, खाली भोंगा वाजत असताना, निवांत कैरी खात होता. बाबांचा चेहरा पाहून मला हसू आवरेना. शेवटी सरांचीच अक्कल वापरली: मर्यादा पन्नासवर नेली. आता एरवी तो गप्प बसे. बाबांनी त्यावर भजनाचा व्हिडिओ लावला की बिचारा धापा टाकत पन्नास ओलांडायचा आणि भोंगा वाजायचा. वांदर दिसल्याशिवाय भजन लावायचं नाही, एवढंच बाबांना पढवलं.

पुढच्या मीटिंगच्या मध्येच भोंगा झाला. पलीकडे सगळे आपापल्या स्क्रीनवर कुठला सर्व्हर पडला ते शोधू लागले. तेवढ्यात कलमांतून बाबांची आरोळी आली, "पळाले गो, पळाले!"

"कोण पळाले?" सरांनी घाबरून विचारलं.

"वांदर, सर," मी म्हटलं.

मग सर म्हणाले, "कॅमेरा जरा खिडकीकडे फिरव बघू."