साहेबांनी मागितलेला विनोद

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत मी विनोदी पात्र करतो. धान घरात आलं की गावोगाव प्रयोग लागतात. लोक हिरोला विसरतील पण मला नाही, असा माझा बरीच वर्षं समज होता. दिघोरीच्या बाजारात भाजीवाली मला ओळखून दोन वांगी जास्त टाकायची. माणसाचं डोकं फिरायला तेवढं पुरतं.

माझा सगळ्यात गाजलेला विनोद आमच्या भागातल्या एका पुढाऱ्यावर होता. त्यांच्यासारखा घसा खाकरून मी म्हणायचो, "या रस्त्याचं भूमिपूजन मी तीनदा केलं. आता भूमीच म्हणते, साहेब, पूजा पुरे, थोडी गिट्टी टाका." हे त्यांच्या तोंडावरही बोलून दाखवीन, असं मी चहाच्या टपरीवर सगळ्यांना सांगत असे.

एक दिवस त्यांचंच बोलावणं आलं. वाढदिवसानिमित्त दुपारी भंडाऱ्याच्या एका सभागृहात कार्यक्रम होता. माझी बायको अंगणवाडी सेविका. तिनं शर्टाला इस्त्री करून दिली आणि तो रस्त्याचा विनोद तिथं करणार का, एवढंच विचारलं. कलावंत कुणाला भीत नसतो, असं मी तिला ऐकवलं.

साहेब पहिल्या रांगेत सोफ्यावर बसले होते. मी सासू-सुनेवर बोललो, दारुड्याची नक्कल केली, टीव्हीवरच्यासारख्या बातम्या वाचून दाखवल्या. पुढाऱ्यांवर चकार शब्द नाही. मला कुणी मनाई केली नव्हती, हे मुद्दाम सांगतो. शेवटी साहेबांनीच हात वर केला.

"अरे, तो माह्या रस्त्याचा जोक सांग ना. मले आयकाचा हाय."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी म्हणालो, "साहेब, विसरलो जी."

मग साहेबांनी माइक घेऊन तो विनोद स्वतःच सांगितला. शेवट आधी सांगून टाकला, गिट्टीच्या जागी मुरूम म्हणाले. तरी लोक खुर्चीवरून पडायचे तेवढे बाकी राहिले. मीही मोठ्यानं हसलो. माझ्या खांद्यावर शाल टाकताना साहेब हळूच म्हणाले, "लेका, बाकीचे मले भेतात त समजते. त्याइले माह्याकडे कामं असतात. तू काहून भेला?"

मी शाल सावरत स्टेजवरून उतरलो.

घरी आल्यावर बायकोला आधी शाल दाखवली. तिनं घडी घालून ठेवली आणि विनोदाचं विचारलं. खोटं बोलायचं ठरवूनच आलो होतो, पण तिच्यासमोर ते टिकेना. सगळं सांगितलं. ती हसत हसत खालीच बसली.

"मंग हेच सांगा ना नाटकात," ती म्हणाली. "रस्त्यापेक्षा हे चांगलं हाय."

पुढच्या प्रयोगात मी पहिल्यांदा स्वतःची नक्कल केली. साहेबांपुढे "विसरलो जी" म्हणणारा, टपरीवरचा शूर माणूस. लोक खूप हसले. पडदा पडल्यावर एक म्हातारे शेतकरी स्टेजमागे आले. ते हसत नव्हते.

"ग्रामसभेत मी बी असाच विसरतो, बाबू," एवढं बोलून त्यांनी माझा हात थोडा वेळ धरून ठेवला.