गोंझोचा डावा डोळा
क्योतोच्या निशिजिन भागात हात्सुए इगाकी सव्वीस वर्षं मागावर बसल्या. किमोनोच्या कमरपट्ट्याची नक्षी चौकटींच्या कागदावर एकेक घर रंगवून उतरवायची आणि मग विणायची. माग बंद पडला तेव्हा गेम बनवणाऱ्या एका कंपनीतले तोकुओकासाहेब त्यांना शोधत आले. पडद्यावरचा बॉक्सरसुद्धा चौकटींतच रंगवतात म्हणाले. कंपनीतली शिकलेली पोरं गालातल्या गालात हसली. हसू देत बापडी; आठ घरांत भुवई काढून दाखवणारा त्यांच्यात एकही नव्हता.

अडलं ते गोंझोवर, खेळातल्या शेवटच्या बॉक्सरवर. हा आडदांड गडी ठोसा कुठून मारणार, ते खेळणाऱ्याला कळेना. ठोशांची चित्रं आधीच झाली होती आणि यंत्रात नव्या चित्रांना जागा नव्हती. बाईंनी तोड काढली. ज्या बाजूने ठोसा येणार, त्या बाजूचा डोळा आधी लकाकेल. दोन घरं पांढरी, बस्स.

चाचणीला यंत्र कावारामाचीच्या गेमच्या दुकानात ठेवलं. कंपनीचे संचालक हाताची घडी घालून मागे उभे. "हरलेला एक तरी माणूस परत खेळायला आला पाहिजे," ते तोकुओकांना म्हणाले, "नाहीतर पाच वाजता हे गुंडाळा. आणि तुमचा विभागही."

चार वाजेपर्यंत अकराजण आपटले. एकही परतला नाही. साडेचारला बारावा आला, पांढरे हातमोजे घातलेला टॅक्सीवाला. गोंझोचा डावा डोळा लकाकला आणि ठोसा उजवीकडून बसला. आता कुठे ते बाईंच्या ध्यानात आलं. त्यांनी तोकुओकांची बाही ओढली.

"साहेब, घोळ झालाय. डोळे मी उलटे काढले."

"उलटे म्हणजे?"

"आमच्या मागावर कापडाची पाठ विणणारीकडे असते. डावं ते उजवं. हाताला तीच सवय हो."

तोकुओकांचा चेहरा पडला. "गप्प राहा. माफी मी मागतो."

"का म्हणून? हात माझा होता."

बाई संचालकांपुढे कमरेत वाकल्या आणि सगळं सांगून टाकलं. तेवढ्यात टॅक्सीवाला यंत्रावर हात आपटून बाहेर चालता झाला. संचालकांनी घड्याळ पाहिलं. पाचला दहा कमी. तोकुओका भिंतीकडे बघत राहिले.

पाचला दोन कमी असताना दार उघडलं. टॅक्सीवालाच होता, सोबत आणखी दोघे ड्रायव्हर.

"हाच तो भामटा. डोळा इकडे मारतो आणि हाणतो तिकडून," तो म्हणाला. "मला रस्त्यात कळलं. आता बघ कसा लोळवतो."

"तू? तुला तर गाडी मागे घेता येत नाही," दुसरा म्हणाला.

तिसऱ्या फेरीत गोंझो आडवा झाला. टॅक्सीवाला बाजूला व्हायला तयार होईना, तेव्हा मित्राने त्याला कॉलर धरून ओढलं आणि स्वतः उभा राहिला.

बाई अजून वाकलेल्याच होत्या. "आमच्यात चुकलेलं विणकाम विणणारीच उसवते," त्या म्हणाल्या. "मोबदला न घेता. दोन दिवस द्या, मी डोळे सरळ करून देते."

"हात लावू नका त्याला," संचालक म्हणाले. "आहे तसाच बाजारात जाऊ दे."

बाई सरळ उभ्या राहिल्या आणि रडू लागल्या. सव्वीस वर्षांत त्यांनी रेघभर चुकीसाठी हातभर कापड उसवलं होतं, आणि एकदाही रडल्या नव्हत्या.