विलायती मालिकेतला बाप

सातपाटीचा धीरज तांडेल जाळं विणायला बसला की मान वर करत नसे. एक गाठ ढिली राहिली तरी तो उसवून पुन्हा विणायचा. पण या आठवड्यात तो जाळं घेऊन बसला रे बसला, की त्याची मुलगी स्नेहा टीव्हीवर जुन्या काळातली विलायती मालिका लावायची. पात्रं हिंदीत बोलायची.

उद्या नाखवाच्या घरचे साखरपुड्याची साखर घेऊन येणार होते. धीरज त्याच्याच बोटीवर कामाला. स्नेहाला न विचारताच त्याने नाखवाच्या मुलासाठी शब्द दिला होता.

पडद्यावर बग्गीतून आलेल्या बंगलेवाल्याने मागणी घातली आणि मुलीने सरळ नकार दिला.

"बग्गी सोडून आता उपाशी मरनार हाय का ही?" बायको हंसा करवादली.

"मरू दे. तू कशाला रडतेस?" स्नेहा म्हणाली. बोलली आईशी, पण बघत होती बापाकडे.

"बंद कर ते!" हंसा ओरडली.

"राहू दे," धीरज म्हणाला. मालिकेतला बाप पुस्तकात डोकं घालून गप्प बसला होता. "त्याला तोंड नाय काय?"

"त्यानं तिला इचारलंच नाय, बाबा."

धीरजचा हात थांबला. "तुला नको हाय?"

"नको," स्नेहा म्हणाली. हंसाने कपाळावर हात मारला.

धीरजने जाळं बाजूला ठेवून फोन लावला. "नाखवा, उद्या येऊ नका. पोरीला इचारायचं राह्यलं होतं. आता इचारलं. तिला नको हाय."

आता बोटीवरचं काम राहील की जाईल, ठाऊक नव्हतं. तरी नाखवाचं उत्तर ऐकायला धीरजने फोन कानाला तसाच धरून ठेवला.