दाईचे नाणे: बुलढाणा ते डोणगाव

विशेष प्रसंगांच्या स्मरणार्थ काढलेली चांदीची नाणी जमवणाऱ्यांची एक अडचण इतरांना ठाऊक नसते. कोरी नाणी मिळतात, झिजलेली मिळत नाहीत. लोकांनी ती घेतली तीच मुळी कपाटात ठेवण्यासाठी. व्यवहारात ती फिरलीच नाहीत, मग झिजणार कशी? मी प्रत्येक नाण्याची जोडी लावते: एक नुकतेच टांकसाळीतून आल्यासारखे, दुसरे माणसांच्या हातून गेलेले. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाचे दहा रुपयांचे नाणे माझ्याकडे कोरे होते. झिजलेल्याची जागा चार वर्षे रिकामी होती. त्यामुळे माझ्या महाविद्यालयातल्या मैत्रिणीने, प्रणालीने, तिच्या गावातल्या, म्हणजे डोणगावातल्या, एका दाईकडच्या गुळगुळीत नाण्याचा फोटो दाखवला, तेव्हा मी येत्या रविवारीच निघायचे ठरवले. बदल्यात कोरे दिले तर दाई जुने देईल, असा प्रणालीचा अंदाज होता. कोरे पुन्हा मिळाले असते.

बुलढाण्याहून सकाळची एसटी धरून चिखलीमार्गे मेहकर आणि तिथून गाडी बदलून डोणगाव, असा मार्ग आहे. महिलांना अर्धे तिकीट असल्याने जाण्यायेण्याचा खर्च दोनशेच्या आत राहतो. रस्ता बहुतेक चांगला. दोन्ही बाजूंना तूर आणि हरभरा. चिखलीला एका आजोबांनी मधल्या वाटेतच पोते ठेवले.

"बाबा, पोतं उचला. याचं तिकीट फाडू काय?" वाहकाने विचारले.

"फाड ना बे. पण मंग त्याले सीट दे."

पोते मेहकरपर्यंत तिथेच राहिले. मेहकरच्या स्थानकाबाहेर आलुबोंडा आणि चहा चाळीस रुपयांत झाला. आलुबोंडा गरम होता; चहाबद्दल तसे म्हणता येणार नाही.

डोणगावला प्रणाली न्यायला आली होती. तिच्या सहा महिन्यांच्या भाच्याचे त्याच दिवशी उष्टावण होते, म्हणजे बाळाच्या तोंडी पहिले अन्न लावायचे होते, आणि त्यासाठी नूरबी दाई नाण्यासह येणार होत्या. नूरबी आता सत्तरीपुढच्या आहेत. त्यांनी गावात आपले पहिले बाळंतपण हाताळले तेव्हा बाळाच्या वडिलांनी त्यांना ते नाणे दिले होते. त्याच बाळाच्या उष्टावणाला त्यांनी त्यावरून खीर चाटवली आणि मग ती रीतच पडली. हल्ली बाळंतपणे दवाखान्यात होतात, परंतु खिरीला नूरबींना बोलावणे जाते. घर कोणाचेही असो.

"ही पोरगी तुमच्या नाण्यापायी बुलढाण्याहून आली, दाई," प्रणालीची आई म्हणाली.

"नाण्यापायी? मले वाटलं सोयरीक घेऊन आली."

सगळे हसले. नूरबींनी पदराची गाठ सोडून नाणे माझ्या तळहातावर ठेवले. त्यावरच्या ध्वज उभारणाऱ्या तरुण-तरुणीचे चेहरे पूर्णपणे गेले होते. ध्वज नाणे तिरपे धरल्यावरच कळत होता. कडेच्या बारीक दात्यांपैकी एकही उरला नव्हता. मी डबी उघडून माझे नाणे पुढे केले.

"बाप्पा! हे तं आरशावानी चमकते." त्यांनी ते उलटसुलट पाहिले. "घेऊन जाय जुनं. नवं मिळते तं नाही कायले म्हणू?"

इतक्या सहज होईल असे वाटले नव्हते. मी जुने नाणे मुठीत धरले.

प्रणालीच्या आईने पाटावर बसून बाळाला मांडीत घेतले. नूरबींनी नवे नाणे धुतले आणि खिरीत बुडवण्याआधी स्वतःच्या खालच्या ओठावरून फिरवले. मग थांबल्या. अंगठ्याने कड चाचपली.

"टोचते."

"दाई, चमच्यानं चाटवू," प्रणालीची आई म्हणाली. "ती एवढ्या दुरून आली. राहू द्या तिच्यापाशी."

"चाटवा ना. मी कोठं नाही म्हणतो?" नूरबींनी माझे नाणे पदराने पुसले. "पन्नास वर्षं राखेनं घासलं, तवा ते लेकराच्या ओठाजोगं झालं. याले तेवढं करायले मी कोठून राहू?"

त्यांनी जुने परत मागितले नाही. सौदा झाला होता आणि तो मोडण्याचे कारण माझ्याकडे नव्हते, हेही मला स्पष्ट दिसत होते. प्रणालीची वहिनी चमचा आणायला उठू लागली. मी मूठ उघडून हात पुढे केला.

नूरबींनी जुने उचलले आणि कोरे माझ्या तळहातावर ठेवले. नाणे खिरीत बुडाले, बाळाने ते चाटले, तोंड वाकडे केले आणि पुन्हा चाटले. त्यांच्या हातून उष्टावण झालेले हे कितवे बाळ, असे मी विचारले.

"मोजत राह्यली असती तं झोपली कवा असती?"

कोणाला डोणगावला जायचे असेल तर परतीच्या गाड्यांची वेळ मेहकरच्या स्थानकातच विचारून घ्यावी. मी विचारली नाही आणि डोणगावच्या थांब्यावर दीड तास बसून राहिले. डब्यात दिलेली खीर तिथेच संपवली.

घरी आल्यावर झिजलेल्या नाण्याची जागा अर्थातच तशीच होती. कोरे नाणे परत ठेवण्यापूर्वी मी ते खालच्या ओठावरून एकदा फिरवले. संग्राहकाने असे कधीही करू नये; त्वचेचा ओलावा चांदीवर डाग सोडतो. नोंदवहीत या नाण्यापुढे 'निर्दोष' असे मीच कधीतरी लिहिले होते. तो शब्द मी खोडला नाही. त्याच्यापुढे फक्त लिहिले: कड टोचते.