शनीची चवड

तेव्हा मी माणिकपूरला एका डीटीपीच्या दुकानात काम करायचे. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, चर्चच्या सणाची निमंत्रणं, सोसायट्यांच्या नोटिसा, सगळं आमच्याकडे टाइप व्हायचं. पण दुकान ओळखलं जायचं ते फोटो सुधारण्यासाठी आणि ते काम माझं होतं. चेहऱ्यावरचे डाग घालवायचे, मागचा पंखा पुसून तिथे बाग आणायची, एकमेकांपासून दूर उभ्या असलेल्या भावांना जवळ आणायचं. लग्न होऊन साताऱ्याहून वसईत आले तेव्हा मला कॉम्प्युटर सुरूसुद्धा करता येत नव्हता. सहा वर्षांत हात असा बसला होता की गिऱ्हाईक माझ्याच नावानं विचारत यायचं, आणि मला त्याचा अभिमान होता.

एका दुपारी पन्नाशी ओलांडलेले एक गृहस्थ आले. सायकल बाहेर लावली आणि प्लास्टिकच्या पिशवीतून एक सीडी काढून माझ्यापुढे ठेवली. सीडीवर एकच फोटो होता. काळ्या पडद्यावर मधोमध पिवळसर ठिपका, दोन्ही बाजूंना जरासा ओढल्यासारखा. शिजलेल्या शिताएवढा असेल. फोटो हललाय, असं मी त्यांना सांगितलं.

"हललाय खरा," ते म्हणाले. "पन शनी हाय तो."

मग हळूहळू सगळं कळलं. ते जवळच्याच गास गावचे. चष्म्याची भिंगं तयार करणाऱ्या एका कारखान्यात त्यांनी वीस वर्षं काढली होती. कारखाना बंद पडल्यावर ते घरच्या शेतीत गेले. केळी, दुधी, थोडा सोनचाफा. पण काच घासायची हाताची सवय काही जाईना. म्हणून त्यांनी जाड काच आणली, काचेवर काच घासत सहा महिन्यांत दुर्बिणीचा आरसा केला आणि तो पाण्याच्या जाड पाइपात बसवला. मुलीनं नवा कॉम्प्युटर घेतल्यावर तिचा जुना यांना दिला होता. त्याच्याबरोबर आलेल्या वेबकॅमचं भिंग त्यांनी काढून टाकलं आणि तो कॅमेरा फिल्मच्या रिकाम्या डबीत घट्ट बसवला. ती डबी दुर्बिणीला डोळा लावतात त्या नळीत अगदी नेमकी बसते, हे सांगताना त्यांचा चेहरा फुलला होता.

फोटो छापून घेणं हे त्यांचं निमित्त होतं. खरं त्यांना विचारायचं होतं ते वेगळंच. असे फोटो साफ करायला घरच्या कॉम्प्युटरवर कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं? शिकाऊ माणसाला झेपेल असं आणि परवडेल असं.

मी एका दमात आमच्या दुकानातल्या सॉफ्टवेअरचं नाव सांगितलं. सगळी मासिकं, सगळ्या जाहिराती त्याच्यावरच होतात, दुसरं काही बघूच नका, असंही वर म्हटलं. ते काय करू शकतं हे दाखवायला मी त्यांचा शनी मोठा केला. कडा कोरल्या. ग्रहाभोवतीच्या कड्याला नीट गोलाई दिली. कड्यात एक काळी चीर असते हे मला शाळेतल्या पुस्तकामुळे आठवत होतं, ती बारीक ब्रशनं फिरवली. ग्रहावर दोन-तीन नारिंगी पट्टे ओढले आणि मागे चांदण्या शिंपडल्या. अर्ध्या तासात पडद्यावर कॅलेंडरवर शोभेल असा शनी तयार झाला. दुकानाचे मालक मागून डोकावले आणि छान झालाय, पण याचा नमुना म्हणून भिंतीवर लावू नकोस, असं म्हणून गेले. शनी दुकानात नको होता त्यांना.

काका बराच वेळ बघत होते. मग त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं.

"ही चीर कुठनं आली?"

"शनीला असते ती, काका."

"असते. पन त्या दिवशी वारा होता, मला ती दिसली नाय. मंग माझ्या फोटोत कशी आली?"

"मी काढली."

"हां," ते म्हणाले. "मंग हा तुझा शनी झाला, बाय. चांगला झालाय. पन माझा नाय."

त्यात राग नव्हता. त्यांनी छपाईचे पैसे दिले, मूळ फोटोचीच प्रिंट पिशवीत घातली आणि सायकलवर टांग टाकून गेले. मला मात्र ते लागलं. इतकी मेहनत घेतली आणि वर हे ऐकायचं, असं मी घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, म्हातारा बरोबर बोलला. मग त्याच्याशीही मी धड बोलले नाही.

त्याच आठवड्यात एक आई आपल्या मुलीचा फोटो घेऊन आली. स्थळांना पाठवायचा होता, जरा उजळ करून हवा होता. हे काम मी शेकडो वेळा केलं होतं. तसाच हात माऊसवर गेला आणि मध्येच थांबला. मुलगी शेजारीच बसली होती. मी पहिल्यांदाच आईला न विचारता मुलीला विचारलं, तुला कसा हवाय? ती आधी आईकडे बघत राहिली. मग म्हणाली, मागचा पडदा बदला, बाकी राहू दे. आई कुरकुरली, पण फोटो तसाच गेला. पुढे त्या मुलीचं काय झालं मला माहीत नाही. माझ्या मनात मात्र काकांचं बोलणं पक्कं बसलं ते त्या दिवशी.

पुढच्या रविवारी काका पुन्हा आले. आता प्रिंट नको होती, सल्लाच हवा होता. मी या वेळी खरं सांगितलं. ते मोठं सॉफ्टवेअर विकत घ्यायचं तर त्या पैशात नवा कॉम्प्युटर येईल, आणि तो घ्यावाच लागेल, कारण जुन्यावर ते चालणार नाही. स्टेशनजवळ त्याची सीडी मिसळीच्या किमतीत मिळते. काकांनी विचारलं, ती चोरीची ना? मी हो म्हटलं. आमच्या दुकानातलंही तसलंच होतं. ते मी तोपर्यंत कधी तोंडानं कबूल केलं नव्हतं. काका एवढंच म्हणाले की, घरात आणताना मुलीला सांगता येईल असंच काहीतरी घेऊ.

मग मी शोधायला लागले. स्कॅनरबरोबर आलेली एक सीडी दुकानाच्या कपाटात पडून होती. तिच्यावर त्याच मोठ्या सॉफ्टवेअरचं धाकटं भावंड होतं, वेगळं घेतलं तर बरंच स्वस्त. कॉम्प्युटरच्या एका मासिकाबरोबर मिळालेल्या सीडीवर एक पूर्ण फुकट सॉफ्टवेअर सापडलं. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेलं, कुणीही वापरावं असं. दिसायला ओबडधोबड, सगळ्या खिडक्या सुट्या सुट्या उघडायच्या, पण काम चोख होतं. आणि सायबर कॅफेत बसून आकाशाचे फोटो काढणाऱ्यांची पानं वाचताना मला एक गोष्ट समजली. माझं आजवरचं सगळं कसब तिथे दुय्यम होतं. ही माणसं एक फोटो सुधारतच नव्हती. वेबकॅमनं छोटी फिल्म काढायची, तिच्यातली शेकडो चित्रं सुटी करायची, चांगली चांगली निवडायची आणि बरोबर एकावर एक ठेवून त्यांची सरासरी काढायची. हवेमुळे प्रत्येक चित्र वेगळीकडे हलतं, पण ग्रह सगळ्यांत तोच असतो. म्हणून जे खरं असतं ते ठळक होतं आणि बाकीची खरखर आपोआप विरते. हे एवढंच काम करणारं एक छोटं सॉफ्टवेअरही होतं. तेही फुकट. ते उतरवून घ्यायला कॅफेत पाऊण तास लागला आणि दोनदा लाइन तुटली.

काकांना हे सांगितलं तर त्यांनी लगेच परीक्षा ठरवली. नवं बियाणं आणलं की ते आधी चार वाफ्यांत लावून बघायचे म्हणे. तसंच इथे करायचं. एकच फिल्म, तीन सॉफ्टवेअरं, त्यात दोन्ही फुकटची मिळून एक धरायचं, आणि काम त्यांच्याच जुन्या कॉम्प्युटरवर.

त्यानंतरच्या एका रविवारी मी गासला गेले. वेबकॅमची तार दुर्बिणीपर्यंत पोचावी म्हणून कॉम्प्युटर पडवीतच ठेवला होता, वर जुन्या साडीचं झाकण. काकूंनी केळी पुढे ठेवली आणि त्या तिथेच उंबऱ्यावर वाल सोलत बसल्या. संध्याकाळ झाली की हे गृहस्थ पाइपाला डोळा लावतात आणि बॅटरी धरायला मला उभं करतात, अशी त्यांची तक्रार. शनीची फिल्म काकांनी आदल्या रात्रीच घेऊन ठेवली होती. आम्ही कामाला लागलो. आमच्याकडे तेव्हा भारनियमन जोरात होतं. त्या दिवशी वीज दुपारी जायची होती, म्हणून सकाळीच उरकायचं होतं.

मोठ्या सॉफ्टवेअरची दुकानातली सीडी मी फक्त तुलनेसाठी आणली होती. ती घालताच कॉम्प्युटर घुमायला लागला आणि पडदा गोठला. दोनदा बंद करून चालू केला. काका म्हणाले, हे गेलं. राहिली दोन. धाकट्या भावंडात आम्ही फिल्ममधलं बरंसं एक चित्र घेतलं आणि जमेल तेवढं उजळ केलं. मग ते छोटं फुकटचं उघडलं. त्यात फिल्म टाकली आणि चित्रं एकावर एक चढायला लागली. सगळ्या सूचना इंग्रजीत होत्या. मी वाचून मराठीत सांगत होते, पण 'स्टॅक'ला काय म्हणावं ते सुचेना. एकावर एक रचतात ते, असं मी समजावायला लागले.

"म्हंजे भाकऱ्यांची चवड," काकू वाल सोलता सोलता म्हणाल्या.

तेव्हापासून आमच्यात ती चवडच झाली.

चवड झाल्यावर चित्र आधी धूसरच दिसलं. माझा चेहरा पडला असावा, कारण काकांनी मला केळं दिलं. मग मी ते चित्र त्या ओबडधोबड फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये नेलं आणि थोडी धार वाढवली. अगदी थोडी. ब्रशला मी हात लावला नव्हता. कडं ग्रहापासून सुटं झालं. ग्रहाची कड्यावर पडलेली सावली दिसली. आणि कड्याच्या दोन टोकांना, फक्त टोकांनाच, काळसर बारीक रेघ उमटली.

काका खुर्चीवरून उठले, पडद्याजवळ आले, चष्मा काढून पुन्हा लावला.

"ही तू काढलीस?"

"नाही. ही फिल्ममध्येच होती."

त्यांनी त्या रेघेजवळ बोट नेलं. मग म्हणाले, "मला दिसली नव्हती. पन होती."

वीज जायच्या आत मी दोन्ही चित्रं सीडीवर घेतली आणि दुसऱ्या दिवशी दुकानात एकसारख्या कागदांवर वेगवेगळी छापली. माझा तो कॅलेंडरचा शनीही त्यांच्यात ठेवला. काकांनी तिन्ही कागद पडवीतल्या कपड्यांच्या दोरीला चिमट्यांनी अडकवले आणि कुठला कशातला ते न सांगता काकूंना निवडायला सांगितलं. काकूंनी बॅटरी धरता धरता शनी कितीदा तरी पाहिला होता. कॅलेंडरच्या शनीकडे त्यांनी एकदा बघितलं आणि हा दुकानातला, म्हणाल्या. मग चवडीच्या कागदापुढे उभ्या राहिल्या. पाइपात दिसतो तो हा, फक्त थरथरत नाही, एवढंच म्हणाल्या. सॉफ्टवेअरची निवड अशी झाली.

त्यानंतर मी एक शंभर पानी वही केली. इंग्रजी बटणांची चित्रं हातानं काढली आणि शेजारी मराठीत लिहिलं. फिल्म कुठून उघडायची, वाईट चित्रं कशी गाळायची, चवड कधी थांबवायची. उजेड-अंधाराचा जो आलेख दिसतो त्याला आम्ही डोंगर म्हणायचो. डोंगराचा डावा पायथा कापू नये, तिथे अंधारातलं बारीकसारीक असतं, हे लाल शाईत लिहिलं. आणि पहिल्या पानावर नियम लिहिला की मूळ फिल्मला हात लावायचा नाही, सगळे प्रयोग प्रतीवर. हा नियम मी दुकानातल्या कामालाही लावला. त्याआधी मी सगळ्यांचे मूळ चेहरे पुसून वर नवे साठवत आले होते.

दोन महिन्यांनी दुकानात फोन आला. आज गुरू केला, एकट्यानं केला, चार चंद्रांसकट, असं काका सांगत होते. संध्याकाळी मी नवऱ्याला घेऊन गासला गेले. चित्र बघितलं तर गुरूभोवती एक पांढरी कड आली होती. कसं सांगावं याचा मी विचार करत होते.

"धार जास्त झाली ना?" तेच म्हणाले. "उद्या कमी करतो."

मला इतका आनंद झाला की मी नुसतीच मान डोलावली. नवऱ्यानं मात्र दुर्बिणीला डोळा लावला तो जेवायची वेळ होईपर्यंत काढला नाही.

पुढच्या वर्षी गावातल्या वाचनालयाला कुणीतरी दोन जुने कॉम्प्युटर दिले. आम्ही दोघांनी ठरवून रविवार सकाळचा एक वर्ग सुरू केला. सगळं फुकटच्या सॉफ्टवेअरवर. काका दुर्बिणीचं सांगायचे, मी फोटोचं. सुरुवातीला पाच जण आले. एक निवृत्त पोस्टमन, कॉलेजात जाणाऱ्या दोघी बहिणी, एक रिक्षावाला आणि काकू. पोस्टमनना आकाशात काडीचाही रस नव्हता, त्यांना बायकोचे जुने फोटो साफ करायचे होते. तेही आम्ही शिकवलं. बहिणींपैकी धाकटीनं त्याच शिकण्यावर पुढे छापखान्यात नोकरी मिळवली. सॉफ्टवेअर घरी नेता येतं का, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांनी विचारलं. सीडी भरून ज्याला त्याला देताना, ही वाटली तरी चालते, असं सांगायला मला फार बरं वाटायचं.

काकूंनी पहिलं चित्र चंद्राचं करायचं ठरवलं. शनी का नाही, असं मी विचारलं तर म्हणाल्या, चंद्र मोठा हाय, हरवत नाय. त्यांच्या चंद्राला तीन रविवार लागले. चौथ्या रविवारी त्यांनी तो छापून आणला. खालच्या कोपऱ्यात थोडा कापला गेला होता. तसाच त्यांनी वाचनालयाच्या दारावर चिकटवला आणि वर्गाला उशीर होतोय म्हणून आम्हाला आत हाकललं.